हंगामी व्यवसायाची ई-मेल यादी: कोणते पत्ते काढावेत आणि कोणते ठेवावेत?

कातळबाग (प्रश्न)

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. साडेचारशे कलमे आहेत आणि गेली नऊ वर्षे आम्ही दलालाकडे माल न पाठवता थेट ग्राहकांना पेट्या विकतो. ग्राहक मुख्यतः मुंबई, पुणे आणि नाशिकचे, थोडे बंगळूरचे. हंगाम मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांचा असतो आणि त्यातील बहुतेक नोंदणी ई-मेलवरून होत असल्यामुळे पत्त्यांची यादी ही आमच्यासाठी बागेइतकीच जपण्याची गोष्ट होती. ती आम्ही जपली नाही, हे यंदा फार उशिरा लक्षात आले.

यादीत सुमारे 6,200 पत्ते आहेत. त्यांपैकी अडीच हजार पत्ते आमच्याकडून कधी ना कधी पेटी घेतलेल्यांचे आहेत. पुण्यातील आंबा महोत्सवात आणि काही गृहसंकुलांत विक्री केली, तेव्हा वहीत लिहून घेतलेले बाराशे आहेत. संकेतस्थळावर ‘यंदाचा भाव कळवा’ अशी एक चौकट आहे, तिच्यातून हजारेक आले. उरलेले दीड हजार पत्ते एका परिचिताने ‘चांगल्या घरांची यादी’ म्हणून दिले होते. त्या मंडळींनी आमचे नाव ऐकलेले असण्याचे काही कारण नाही.

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणी सुरू झाल्याचा ई-मेल आम्ही एकाच सकाळी सर्वांना पाठवला. पहिल्या तासात नऊशेहून अधिक ई-मेल परत आले. संध्याकाळपर्यंत, तक्रारींचे प्रमाण जास्त असल्याचे कारण देऊन, ई-मेल पाठवणाऱ्या सेवेने आमचे खाते थांबवले आणि ते पुन्हा सुरू होण्यास सहा दिवस लागले. खरे दुःख त्यानंतरचे आहे. सात-आठ वर्षे न चुकता चार-चार पेट्या घेणाऱ्या ग्राहकांनी एप्रिलमध्ये फोन करून विचारले, ‘यंदा तुमचा आंबा नाही का?’ त्यांचा ई-मेल स्पॅममध्ये पडून राहिला होता. ज्यांनी फोन केला त्यांचे कळले. ज्यांनी केला नाही त्यांनी दुसरीकडून आंबा घेतला असणार.

आता पावसाळा सुरू झाला आहे आणि पुढच्या हंगामाला नऊ महिने आहेत. या काळात यादी नीट करायची आहे. परत आलेल्या नऊशे पत्त्यांपैकी कोणते कायमचे काढावेत, हा पहिला प्रश्न. दुसरा अधिक अवघड वाटतो. आमची सेवा सांगते की ज्यांनी 90 दिवसांत ई-मेल उघडला नाही त्यांना काढून टाका. परंतु आमचा ग्राहक एप्रिलमध्ये पेटी घेतो आणि थेट पुढच्या एप्रिलमध्ये आमची आठवण काढतो. 90 दिवसांचा हिशेब लावला तर ऑगस्टअखेर आमची सगळीच यादी मृत ठरेल. आणि तिसरा प्रश्न असा की बिगरहंगामात लोकांना त्रास न होता त्यांच्याशी संपर्क ठेवायचा असेल, तर लिहायचे तरी काय?

टपालखिडकी

एका मध्यम आकाराच्या कंपनीत मेल सर्व्हर सांभाळण्याचे काम मी बारा वर्षे करतो आहे, त्यामुळे तांत्रिक बाजू मी सांगतो. लिहायचे काय हे माझ्यापेक्षा विक्री करणाऱ्या मंडळींना अधिक कळते.

सर्वांत आधी परिचिताने दिलेले दीड हजार पत्ते आजच काढा. त्यांना ‘आपली हरकत आहे का’ असे विचारणारा एक शेवटचा ई-मेलही पाठवू नका. ज्या माणसाने तुम्हाला पत्ता दिलेला नाही, तो तुमचा ई-मेल पाहून ‘स्पॅम’ हे बटण दाबतो, आणि जीमेलसारखी सेवा ती तक्रार केवळ त्या एका ई-मेलपुरती मोजत नाही, तर तुमच्या डोमेनच्या (म्हणजे ई-मेल पत्त्यातील @ नंतरच्या भागाच्या) नावावर मांडते. म्हणजे त्या दीड हजार अनोळखी पत्त्यांची किंमत तुमच्या आठ वर्षांच्या जुन्या ग्राहकाने मोजली. शिवाय अशा फिरत्या याद्यांमध्ये स्पॅम ट्रॅप असण्याची शक्यता मोठी असते. तुम्ही बागेत फळमाशीसाठी सापळे टांगता, तसेच हे पत्ते असतात. ते कोणाही माणसाचे नसतात, किंवा कधीकाळी कोणाचे तरी होते आणि आता केवळ लक्ष ठेवण्यासाठी चालू ठेवलेले असतात. तेथे ई-मेल पोहोचला, की पाठवणारा विनापरवानगी गोळा केलेली किंवा वर्षानुवर्षे न तपासलेली यादी वापरतो, हे उघड होते.

परत आलेल्या नऊशे पत्त्यांविषयी. सेवेच्या अहवालात प्रत्येकासमोर एक संकेतांक असतो, तो पाहिल्याशिवाय काहीही काढू नका. 5 ने सुरू होणारा संकेतांक म्हणजे कायमचा नकार आणि 4 ने सुरू होणारा म्हणजे तात्पुरता, असा ढोबळ नियम आहे. पण सर्वच कायमचे नकार पत्त्याच्या दोषामुळे येत नाहीत. 550 5.1.1 याचा अर्थ असा पत्ताच अस्तित्वात नाही. तो पहिल्याच वेळी पाठवण्याच्या यादीतून बंद करावा. मात्र 5.7 ने सुरू होणारे उपसंकेतांक दिसले, तर पत्ता बहुधा ठीक आहे आणि समोरच्या सर्व्हरने तुमच्यावर अविश्वास दाखवला आहे. उदाहरणार्थ 5.7.26 म्हणजे तुमच्या डोमेनची ओळख जीमेलला पटली नाही. असे पत्ते काढले तर चांगला ग्राहक हातचा जाईल आणि मूळ दोष तसाच राहील.

तात्पुरत्या नकारांमध्ये 4.2.2 पुष्कळ दिसेल. त्याचा अर्थ त्या माणसाची मेलपेटी भरलेली आहे. गूगल मोफत खात्याला 15 जीबी जागा देते आणि ती मेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांत मिळून वापरली जाते. जून 2021 पासून नवे फोटोही त्या जागेत मोजले जाऊ लागल्यापासून अनेकांची खाती फोटोंनीच भरली आहेत. या माणसांना तुमच्याविषयी काही तक्रार नाही, त्यांना तुमचा ई-मेल मिळतच नाही इतकेच. दोन-तीन वेगवेगळ्या आठवड्यांत पाठवूनही तोच संकेतांक आला तर ई-मेल थांबवा आणि फोन करा. जुन्या नोंदींविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन वर्षे न वापरलेली खाती बंद करण्यास गूगलने डिसेंबर 2023 पासून सुरुवात केली आहे, आणि याहूने तर 2013 मध्ये वर्षभर निष्क्रिय असलेले आयडी नव्या लोकांना देऊन टाकले होते. म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वी वहीत लिहिलेला पत्ता आज नाहीसा झालेला असू शकतो, किंवा क्वचित त्या मागे दुसराच माणूसही असू शकतो.

यानंतर डोमेनच्या नोंदी तपासा. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या सार्वजनिक नोंदवहीत, असाव्या लागतात. पहिली नोंद तुमच्या नावाने ई-मेल पाठवण्याची परवानगी कोणाला आहे ते सांगते. दुसरीमुळे प्रत्येक ई-मेलवरील सही पडताळता येते. आणि हे दोन्ही तपास फसले तर त्या ई-मेलचे काय करावे हे तिसरी ठरवते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर ई-मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. एका दिवसात वैयक्तिक जीमेल खात्यांना 5,000 च्या आसपास किंवा अधिक ई-मेल पाठवणारा तो ‘मोठा’, अशी गूगलची व्याख्या आहे. तुमची 6,200 ची यादी, त्यातले बहुसंख्य पत्ते जीमेलचे, आणि सर्व ई-मेल एकाच सकाळी, हे पाहता तुम्ही ती रेषा ओलांडली असण्याची दाट शक्यता आहे; आणि एकदा ओलांडली की गूगल त्या डोमेनला कायमच मोठा प्रेषक समजते. त्याच नियमांनुसार जाहिरातीच्या ई-मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी लागते आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते.

तक्रारींचे गणितही मांडून पाहा. गूगलच्या मते स्पॅम तक्रारींचे प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली असावे आणि 0.3 टक्क्यापर्यंत कधीही जाऊ नये. दोन हजार जणांच्या इनबॉक्समध्ये ई-मेल पोहोचला आणि त्यांपैकी सहा जणांनी ते बटण दाबले, की 0.3 टक्के झाले. यासाठी नाराज माणसे फार लागत नाहीत, आणि म्हणूनच नाव काढण्याचा दुवा ई-मेलच्या तळाशी बारीक फिक्या अक्षरांत लपवणे हे स्वतःचेच नुकसान करून घेणे आहे. ज्याला दुवा सापडत नाही त्याला ‘स्पॅम’चे बटण बरोबर सापडते.

फराळघर, डोंबिवली

माझा व्यवसाय दिवाळीच्या फराळाचा आहे आणि आमच्या पेट्या अमेरिका, इंग्लंड व आखाती देशांत जातात. हंगाम तुमच्याहूनही लहान, सात-आठ आठवड्यांचा. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी मी पाच वर्षे झगडले आहे.

90 दिवसांचा नियम रोज किंवा दर आठवड्याला काही विकणाऱ्यांसाठी आहे. आपण दिवस मोजू नयेत, हंगाम मोजावेत. माझ्याकडे नियम असा आहे की ज्याने मागील दोन हंगामांत काही मागवले, उत्तर पाठवले किंवा दुव्यावर जाऊन दरपत्रक पाहिले, तो चालू ग्राहक. दोन हंगाम ज्याच्याकडून कसलीच हालचाल नाही त्याला तिसऱ्या हंगामापूर्वी एकदा विचारायचे आणि उत्तर न आल्यास थांबायचे. यात मी ‘ई-मेल उघडला’ हा निकष मुद्दाम घेतलेला नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आलेल्या आयओएस 15 पासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये अशी सोय आहे, की ती चालू असेल तर ई-मेलमधील चित्रे माणसाने ई-मेल वाचण्यापूर्वीच आपोआप उतरवून घेतली जातात. ई-मेल उघडल्याची नोंद एका अदृश्य चित्रावरूनच होत असल्यामुळे अशा सर्व ग्राहकांनी ई-मेल उघडल्याचे अहवालात दिसते. माझे परदेशातील निम्मे ग्राहक आयफोनवाले आहेत आणि एका वर्षी ‘उघडले: 71 टक्के’ हा आकडा पाहून मी जास्तीचे भाजणीचे पीठ दळून ठेवले होते. उलट बाजूने, चित्रे बंद ठेवून मनापासून वाचणारी माणसेही असतात आणि ती अहवालात दिसत नाहीत. मागणी, उत्तर आणि फोन या तीन गोष्टींवर मी आता विश्वास ठेवते. कंपन्यांच्या पत्त्यांवर दुव्याची टिचकीसुद्धा खरी असेलच असे नाही, कारण तेथील सुरक्षा यंत्रणा दुवे आधी स्वतः उघडून तपासतात.

तुमच्या वहीतल्या बाराशे पत्त्यांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. गेल्या दोन वर्षांत लिहून घेतलेले तेवढे ठेवा आणि त्यांना एकदाच विचारा. त्याआधीचे सोडून द्या. गर्दीत उभे राहून लिहिलेले अक्षर ओळखताना चुका होतातच. ‘जीमेल’ या शब्दातले एखादे अक्षर गळले असेल किंवा शेवटी ‘कॉम’च्या जागी ‘कॉन’ झाले असेल, तर ते दुरुस्त करायला हरकत नाही, पण पत्त्याच्या नावाच्या भागात अंदाजाने अक्षरे बसवू नयेत. तो अंदाज चुकला तर ई-मेल परत येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोण्या तिसऱ्याच माणसाला जाईल. पुढच्या महोत्सवात वही नकोच. टेबलावर क्यूआर कोड ठेवा, ग्राहकाला त्याच्या फोनवर स्वतः पत्ता लिहू द्या आणि लगेच त्याच्याकडे एक पुष्टीचा ई-मेल जाऊ द्या. त्यातील दुव्यावर टिचकी मारल्यावरच नाव यादीत यावे. पुष्टी न करणारे बरेच निघतात आणि त्याचे वाईट वाटते, हे मान्य. पण जे उरतात ते आपल्याला ओळखतात.

विचारण्याचा ई-मेल मी कसा लिहिते तो नमुना देते. आंब्यासाठी बदलून घ्या. ‘नमस्कार. मागच्या वर्षी पुण्याच्या महोत्सवात आपण आमच्या देवगडच्या बागेचा आंबा पाहिला होता आणि आपला पत्ता आम्हाला दिला होता. पुढील हंगामाची नोंदणी मार्चमध्ये सुरू होईल. ती सुरू झाल्याचे आपल्याला कळवावे असे वाटत असल्यास कृपया खालील दुव्यावर टिचकी मारावी. न मारल्यास आम्ही पुन्हा लिहिणार नाही.’ इतकेच. भाव नाही, सवलत नाही, दहा फोटो नाहीत. आपण कोठे भेटलो हे पहिल्याच वाक्यात यावे, कारण माणूस ते विसरलेला असतो आणि विसरलेल्या माणसालाच आपला ई-मेल स्पॅम वाटतो. आणि शेवटी दिलेला शब्द पाळावा.

आता बिगरहंगाम. तुमच्याकडे सांगण्यासारखे माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, याचा मला हेवा वाटतो. डिसेंबरमध्ये मोहोर आला की एक फोटो आणि चार ओळी, फेब्रुवारीत फळ कसे धरले आहे, थंडी कशी होती, अवकाळी पावसाने काही नुकसान केले का, यंदा माल लवकर येईल की उशिरा, मार्चमध्ये नोंदणी, मेच्या मध्यावर शेवटच्या पेट्यांची सूचना, आणि जूनमध्ये आभार. वर्षभरात पाच ई-मेल पुरेत. फेब्रुवारीचा ई-मेल सर्वांत मोलाचा ठरेल असे मला वाटते, कारण त्यात ग्राहकाला खरोखर उपयोगी पडणारी माहिती आहे. मोहोर कमी आला असेल तर तेही सांगा. भाव का वाढला हे मार्चमध्ये समजावून सांगण्याची गरज उरणार नाही. पेटी घरी आल्यावर अढी कशी लावावी, कोणते फळ आधी काढावे, हे नोंदणी झालेल्यांनाच वेगळे पाठवा. माझ्या अनुभवात चकल्या मऊ पडू नयेत म्हणून काय करावे, या एका ई-मेलला जितकी उत्तरे आली तितकी कोणत्याही सवलतीला आली नाहीत, आणि ग्राहकाने पाठवलेले उत्तर हे आपले ई-मेल इनबॉक्समध्ये राहावेत यासाठीही चांगले असते. म्हणून ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असा प्रेषक पत्ता कधीही वापरू नका.

आणि नाव काढण्याच्या पानावर एक तिसरा पर्याय द्या: ‘फक्त नोंदणी सुरू झाल्यावर, वर्षातून एकदाच कळवा.’ माझ्याकडे निघून जायला आलेल्यांपैकी बरेच जण तेथे थांबले.

हातमाग, सोलापूर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण एका बाबतीत मी सावध करू इच्छितो. पुष्टी विचारण्याचा ई-मेल वहीतल्या आणि चौकटीतल्या पत्त्यांपुरताच ठेवा. ज्यांनी पेटी घेतली आहे त्यांना तो सरसकट पाठवू नका. आम्ही चादरी आणि टॉवेल विकतो. चार वर्षांपूर्वी एका सल्लागाराच्या सांगण्यावरून आम्ही सर्व जुन्या ग्राहकांना ‘यादीत राहायचे आहे का’ असे विचारले आणि ज्यांनी टिचकी मारली नाही त्यांना काढून टाकले. त्यात लग्नसराईत आहेरासाठी मोठी खरेदी करणारी कितीतरी घरे गेली. ती घरे तीन-चार वर्षांतून एकदा येणारी होती आणि त्यांचा आमच्यावर पूर्ण विश्वास होता. त्या ई-मेलला उत्तर द्यायचे असते हे त्यांना सुचलेच नाही. दोन हंगामांचा नियम फराळाला योग्य असेल, परंतु एखाद्या वर्षी घरात आजारपण असते, कोणी परगावी असते, कोणाला मधुमेह निघतो. पैसे देऊन पेटी घेतलेल्या माणसाला मी तीन हंगाम देईन आणि काढण्यापूर्वी फोन करीन.

दुसरे म्हणजे कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. संमती विशिष्ट हेतूसाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी; आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे. ‘भाव कळवा’ या चौकटीत पत्ता देणाऱ्याने यंदाचा भाव विचारला आहे. वर्षभर ई-मेल पाठवायचे असतील तर त्या चौकटीखाली वेगळा, आधीच खूण न केलेला चौकोन ठेवा. पत्ता कोणत्या दिवशी आणि कोठून आला हे प्रत्येक नोंदीसमोर लिहिण्याची सवय लावा. ही एक रकाना वाढवण्याची मेहनत आहे, पण यंदा तुम्हाला चार प्रकारचे पत्ते वेगळे करता आले ते तुमच्या आठवणीच्या जोरावर, आणि आठवण कायम पुरणार नाही.

कातळबाग

सर्वांचे मनापासून आभार. गेले दहा दिवस रोज रात्री दोन तास बसून काम केले, त्याची हकीकत सांगतो.

दीड हजार पत्ते काढले. डोमेनची नोंद तपासली तेव्हा डीकिम मुळातच नव्हते. तीन वर्षांपूर्वी ई-मेल पाठवणारी सेवा बदलली आणि नवी नोंद घालायची राहून गेली होती. ती आता घातली. नऊशे परत आलेल्यांपैकी 340 पत्त्यांसमोर 5.1.1 होते, सव्वादोनशेंसमोर 5.7.26, शंभराच्या आसपास भरलेल्या मेलपेट्या, आणि राहिलेले परिचिताच्या यादीतील होते. म्हणजे सव्वादोनशे चांगले पत्ते मी रागाच्या भरात काढून टाकणार होतो.

त्या 340 मध्ये 130 जण पेटी घेतलेले निघाले आणि त्यांत निम्म्याहून अधिक पत्ते हिंजवडी, मगरपट्टा येथील कंपन्यांचे आहेत. नोकरी बदलली की पत्ता गेला. पेटी पोहोचवण्यासाठी घेतलेले फोन क्रमांक आमच्या नोंदवहीत असल्यामुळे मुलीने आणि मी वाटून घेऊन फोन सुरू केले आहेत. आतापर्यंत 48 जणांशी बोलणे झाले. 41 जणांनी नवा, घरचा पत्ता दिला. दोघांनी सांगितले की आंबा हवा, पण ई-मेल नको, फोनच करा. तशी नोंद केली. पुढच्या हंगामात प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी घालून ‘कार्यालयाचा नव्हे, घरचा ई-मेल पत्ता द्यावा’ अशी विनंती करण्याचे ठरवले आहे.

दोन शंका उरल्या. डिसेंबरचा मोहोराचा ई-मेल पुन्हा सर्वांना एकदम पाठवला तर चालेल का? आणि ज्यांनी पूर्वी नाव काढून घेतले होते, पण यंदा संकेतस्थळावरून पेटी मागवली, असे 19 जण सापडले आहेत. त्यांना परत यादीत घ्यावे का?

टपालखिडकी

डीकिम नसणे हेच बहुतेक मूळ होते. आता अंमल तपासण्यासाठी स्वतःच्याच जीमेल खात्यावर एक ई-मेल पाठवा आणि ‘मूळ संदेश दाखवा’ हा पर्याय उघडा; एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्हींसमोर ‘पास’ दिसले पाहिजे. डीमार्कचे धोरण सुरुवातीला ‘नन’ (none, काहीही न अडवणे) ठेवले तरी चालेल, म्हणजे अहवाल येतील आणि एखाद्या चुकीमुळे स्वतःचेच ई-मेल अडणार नाहीत.

डिसेंबरमध्ये एकदम पाठवू नका. नऊ महिने शांत असलेल्या डोमेनवरून अचानक हजारो ई-मेल निघाले की समोरच्या सर्व्हरला ते संशयास्पद वाटते. पहिल्या दिवशी यंदा पेटी घेतलेले दोनशे जण घ्या, कारण ते उघडतील, उत्तर देतील आणि तक्रार करणार नाहीत. दोन दिवसांनी चारशे, मग आठशे, असे वाढवत जा आणि प्रत्येक तुकडीनंतर परत आलेले ई-मेल व तक्रारी पाहूनच पुढची पाठवा. वहीतले पत्ते सर्वांत शेवटी, आणि त्यांचा निकाल वाईट लागला तर तेथेच थांबा. मोहोराचा फोटो एकच आणि हलका असावा. ई-मेलचा मजकूर साधारण 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापते आणि तळाचा नाव काढण्याचा दुवा दिसेनासा होतो. फोटोचे वजन त्यात मोजले जात नाही, पण तयार साच्यांमधून चिकटवलेला मजकूर भरमसाट कोड घेऊन येतो.

त्या 19 जणांना यादीत घेऊ नका. मागणी मिळाल्याचा, पेटी निघाल्याचा आणि पैसे मिळाल्याचा ई-मेल त्यांना जरूर जावा, कारण तो व्यवहाराचा भाग आहे. त्या व्यवहाराच्या ई-मेलमध्ये शेवटी एक ओळ घाला, की पुढच्या हंगामाची सूचना हवी असल्यास येथे टिचकी मारावी. मारली तर ते स्वतःहून परत आले.

आणि नाव काढून घेतलेल्यांचे पत्ते पुसून टाकण्याची चूक मात्र करू नका. ते वेगळ्या ‘पाठवू नये’ यादीत राहिले पाहिजेत आणि प्रत्येक वेळी पाठवण्यापूर्वी सेवेने मुख्य यादी त्या यादीशी ताडून पाहिली पाहिजे. पुसून टाकले तर पुढच्या वर्षी कोणी तरी जुनी वही किंवा जुनी एक्सेल फाइल पुन्हा चढवील आणि तीच माणसे नकळत परत यादीत येतील. सेवा बदलताना ही यादी सोबत न्यायची राहून जाते, अगदी तुमच्या डीकिमसारखीच. तीन वर्षांपूर्वी सेवा बदलली म्हणालात, तर त्या जुन्या सेवेच्या खात्यात अजून प्रवेश मिळतो का ते याच आठवड्यात पाहा आणि तेथील नाव काढलेल्यांची यादी उतरवून घ्या.

कातळबाग

प्रवेश मिळाला. 212 पत्ते निघाले आणि त्यांतील 57 जणांना आम्ही यंदा मार्चमध्ये पुन्हा ई-मेल पाठवला होता. ते सर्व आज ‘पाठवू नये’ यादीत घातले.